उजवी नळी

१

आजोबांची बंदूक घेऊन येणारा माणूस मला रस्त्याच्या पलीकडूनच कळतो. बंदूक जुन्या चादरीत गुंडाळलेली असते आणि चेहऱ्यावर भाव असा, की आता आपले दिवस पालटणार. मग मी ती चादर सोडतो, आणि कसले दिवस पालटतायत. नळ्या आतून गंजून खरखरीत झालेल्या, दस्ता कोणा दीडशहाण्यानं कपाटाच्या पॉलिशनं चोपडलेला, बनवणाऱ्याचं नाव घासून घासून पार पुसलेलं. "घरात शोभेला ठेवा," मी सांगतो. तो माझ्याकडे असा बघतो की जणू मीच खजिना लांबवला, आणि चादर परत गुंडाळून निघून जातो. पस्तीस वर्षं हेच चाललंय.

मी जुन्या बंदुकांचं माप घेतो आणि त्यांचं मोल ठरवतो. परवाना कचेरीत माझी सही चालते. क्वचित खरा माल येतो, तेव्हा मात्र हात धुऊन, पुसून मगच हात लावतो. हातानं घडवलेली जोडनळी, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली, अंगावर लाकडाच्या शिरांसारखी नक्षी. अशा बंदुकीत मुख्य बघायचं ते हे, की नळ्या मूळच्या लांबीच्या आहेत का. तोंडाकडून कोणी दोन बोटं जरी कापली असतील, तर तिचा जीवच गेलेला असतो. आणि वीस इंचांच्या खाली कापली असेल तर ती बेकायदा. मग तिच्यावर चांदीची वेल असो नाहीतर सोन्यात कोरलेलं नाव, ती जप्त होते आणि भंगारात तिचे तुकडे पडतात.

हे माप बाहेरून टेप लावून घेत नाहीत. बंदूक बंद करायची, नळीच्या तोंडातून पितळी टोकाची दांडी आत सोडायची, ती मागच्या पोलादी पाटीला टेकली की तोंडाशी पेन्सिलीची खूण करायची, आणि दांडी काढून मोजायची. आणि हो, त्याआधी बंदूक उघडून आत काडतूस नाही ना, ते बघायचं. हे खरं म्हणजे मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं.

काम दोघांचं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बंदूक उभी धरायचा, दस्ता स्वतःच्या बुटावर टेकवून. मी वरून दांडी सोडायचो. ती पाटीला टेकली की त्याच्या पायाला कळायचं, आणि तो म्हणायचा, "पोचली." तो पोचली म्हणत नाही तोवर खूण करायची नाही, असा आमचा शिरस्ता होता. दादाला जाऊन अकरा वर्षं झाली. आता बंदूक मी टेबलावरच्या शिकंजात उभी आवळतो आणि एकटाच काम करतो.

२

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला परवाना कचेरीतला कारकून सात बंदुका घेऊन आला. याला मी शिक्केसाहेब म्हणतो, कारण तो सहीपेक्षा शिक्क्याला जास्त मानतो. मी तोंडावर म्हणतो, तोही हसतो.

"मिस्त्री, न्यायालयाची कोठडी रिकामी करायला काढलीय," तो म्हणाला. "निकाल लागलेल्या खटल्यांचा मुद्देमाल. मालक मेले, वारस नाहीत. लिलावात जाणार. गुरुवारी चारला येतो."

"सात बंदुका आणि तीन दिवस? मी काय यंत्र आहे?"

"यंत्र असता तर कचेरीनं कधीच दुरुस्तीला पाठवलं असतं." त्यानं फॉर्मांची चळत टेबलावर ठेवली. "ती सातवी जरा जपून. भारी आहे म्हणतात. आतापासूनच लोक विचारायला लागलेत."

तो गेल्यावर मी एकेक कापड सोडत गेलो. सहा बंदुका नेहमीच्याच, कुणाकुणाच्या आजोबांच्या. सातव्या बंदुकीच्या कापडाला लाखेची मोहर होती. ती फोडली आणि दस्ता बाहेर आला. दस्त्याच्या मानेशी एक पितळी स्क्रू होता, अर्धाच आत गेलेला. तो स्क्रू दादानं बसवायला घेतला होता. उरलेला अर्धा बसवायचा राहून गेला.

मी खाली स्टुलावर बसलो. वर वहिनींचा आवाज येत होता. वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, मी दुकानामागच्या खोलीत. जेवण दोघांचं एकत्र, वर. मी लग्न केलं नाही, त्यांना मूल नाही. या घरात आता आम्ही दोघंच. त्या दादाच्या फोटोशी रोज भांडतात. पुसताना एकदा आणि भाजी चिरताना एकदा. "एवढा तुमचा हात नावाजलेला, आणि साधं उघडून बघितलं नाहीत? काय घाई झाली होती? कोण मागे लागलं होतं?" अकरा वर्षं हाच प्रश्न. आता त्यात राग राहिलेला नाही, सवय राहिलीय. त्या दिवशीही तेच चाललं होतं आणि मी ती बंदूक मांडीवर घेऊन खाली ऐकत होतो.

३

काम म्हणजे काम. मी बंदूक उघडली. उघडायची कळ आता सैल होती, कोठडीत कोणीतरी तेल घातलं असावं. काडतुसांची दोन्ही घरं रिकामी. खिडकीकडे धरून आरपार पाहिलं. दोन स्वच्छ गोल, दोन्हींत आभाळ. बंद केली. शिकंजात उभी आवळली. डाव्या नळीत दांडी सोडली. टण्. बाहेर काढून मोजली, बरोबर अठ्ठावीस.

जोडनळीला एकच माप पुरतं. दोन्ही नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, एक अठ्ठावीस असेल तर दुसरी वेगळी कशी असणार. आमच्या धंद्यात कोणी दुसरीत दांडी घालत नाही. पण मी घातली. का घातली ते मला माहीत आहे.

ठप्.

आवाज ओला नव्हता, पण पोलादाचाही नव्हता. पुठ्ठ्यावर बोट आपटावं तसा. मी खूण केली, दांडी काढली, मोजली. साडेपंचवीस इंच. अडीच इंच कमी.

अडीच इंच म्हणजे काय, ते या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. भरलेलं काडतूस अडीच इंच असतं.

आता सांगूनच टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी दुकानात बंदुकांचा ढीग पडला होता. परवान्यांच्या नूतनीकरणाचा शेवटचा आठवडा. वहिनींनी वरून चहाला हाक मारली आणि दादा गेला. मी म्हटलं, या माणसाला चहा सुचतोय, आणि रागारागानं एकट्यानंच मापं घ्यायला लागलो. ही बंदूक आली. कळ गंजून बसली होती, उघडेना. म्हटलं तेल घालून ठेवू, नंतर बघू. न उघडताच उजव्या नळीत दांडी सोडली. साडेपंचवीस आलं. वाटलं, कोणीतरी कापलेली दिसतेय. रजिस्टरमध्ये साडेपंचवीस लिहिलं, आणि चिठ्ठीवर 'रिकामी' लिहून ती दस्त्याला बांधली. पुढची बंदूक घेतली.

दादा चहा पिऊन खाली आला. चिठ्ठी वाचली. माझ्या अक्षरातली चिठ्ठी तो कधी तपासायचा नाही. बंदूक शिकंजात आडवी आवळून त्यानं स्क्रू बसवायला घेतला, मग तोंडावरचा गंज दिसला म्हणून पुढून वाकला. शिकंजाला धक्का बसला आणि घोडा पडला.

लोक यायच्या आत मी ती चिठ्ठी सोडून खिशात घातली. रजिस्टरमध्ये पाचाचा आठ केला आणि अर्धा खोडला. माणसाला कसल्या वेळी काय सुचतं बघा. सगळ्यांनी मानलं की दादानं स्वतःच उघडून पाहिलं नाही. वहिनींनीही मानलं. मी मानू दिलं.

४

सोमवारी मी ती उजवी नळी सोळा वेळा मोजली. उघडली की रिकामी. बोट घालून पाहिलं, घर कोरडं, गुळगुळीत. कापडाचा बोळा या टोकातून त्या टोकाला ओढला, सरळ निघाला, वर तेलाचा डाग सोडून काही नाही. बंद केली की ठप्. उघडली की आभाळ. बंद केली की साडेपंचवीस.

मी वेडा नाही. दांडी दमट हवेनं फुगली असेल म्हणून दुसरी घेतली. शिकंजा तिरका असेल म्हणून पातळी लावून पाहिली. साठी उलटलीय, हात कापत असेल, म्हणून दुसऱ्या सहा बंदुकांवर हात आजमावला. सहाही मापं केसभर इकडे तिकडे नाहीत. मग विचार केला की आपलं मनच आपल्याला खातंय. दांडी पूर्ण जात असेल आणि आपण तिला अडवत असू. म्हणून शेवटी डोळे मिटले, दांडी नळीच्या तोंडाशी धरली आणि नुसती सोडून दिली. ठप्.

मंगळवारी सकाळी तेवीस आलं.

पुन्हा अडीच. म्हणजे एकावर एक दोन. मी उघडून पाहिली, आभाळ. जेवायला वर गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, भाताला हातसुद्धा लावला नाहीत. बरं वाटत नाही का?"

"खाली काम पडलंय."

"काम कुठं पळून जातंय? तुम्ही दोघं भाऊ एकाच मातीचे. त्यांनाही काम दिसलं की तहानभूक दिसायची नाही. आणि डोळ्यासमोरचंही दिसायचं नाही." त्यांनी फोटोकडे पाहिलं, आणि मला वाढलं.

बुधवारी साडेवीस. त्या वेळी आणखी एक झालं. दांडी टेकली, मी खूण केली, आणि काढायला गेलो तर ती आली नाही. अडकलेली नव्हती. अडकलेली वस्तू कशी ओढावी लागते ते मला ठाऊक आहे. ही कोणीतरी धरली होती. हलकेच, अंगठा आणि एका बोटात, जशी आपण पुढच्यानं दिलेली वस्तू नीट पोचली का ते बघायला क्षणभर धरतो तशी. मग सोडली. मी दांडी बाहेर काढली आणि तिचं पितळी टोक पुसलं. पुसल्यावर लक्षात आलं की ते कोमट होतं.

मी दुकान बंद केलं आणि भर दुपारी रस्त्यावर हिंडत राहिलो. शिंप्याच्या दुकानासमोर थांबलो, वाण्याच्या थांबलो, कोणाशी तरी बोलावं म्हणून. काय बोलणार होतो? बंद बंदुकीत कोण आहे ते उघडून दिसत नाही, हे कोणाला सांगायचं?

५

हिंडता हिंडता एक हिशेब डोक्यात आला. साडेवीसमधून अडीच गेले की अठरा. अठरा म्हणजे वीसच्या खाली. कागदावर वीसच्या खालची बंदूक बेकायदा, आणि बेकायदा बंदूक लिलावात जात नाही. तिचे तुकडे होतात. गुरुवारी सकाळी अठरा आलं की मी फॉर्मवर अठरा लिहीन, खरंखुरं मोजून, एक अक्षर खोटं न लिहिता, आणि हे सगळं भंगारात जाईल. मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी बंदूक आखूड निघावी म्हणून मी देव पाण्यात घातले.

पण शिक्केसाहेब कितीही शिक्केवाला असला तरी त्याला डोळे आहेत. अडीच हात लांब बंदूक आणि फॉर्मवर अठरा? तो टेप लावून बघणार. दुसऱ्या मोजणाऱ्याकडे पाठवणार. तो जोडनळीची एकच नळी मोजणार, हात जाईल ती, आणि निम्मा संभव डावीचा. मग 'रिकामी व सुरक्षित' अशी छापील ओळ आहे फॉर्मवर, तिच्याखाली सही. माझी नाहीतर त्याची. कोणाच्या तरी घरात ती जाणार, आणि चिठ्ठीवर विश्वास ठेवणारं एखादं माणूस तिच्यापुढं वाकणार.

गुरुवारी सकाळी मी मोजलीच नाही. काय येईल त्याची भीती वाटली. बंदूक शिकंजात आडवी आवळली, नळीवर एकोणिसावर खडूची रेघ मारली, आणि करवत घेतली.

या दुकानात कधी नळी कापली गेलेली नाही. दादा गिऱ्हाइकाला हाकलून द्यायचा. असल्या कामाला हात लावला तर सही जाते, परवाना जातो, वर तुरुंग. ते मला त्या वेळी फार किरकोळ वाटलं. मी करवत टेकवली आणि ओढली. पिळाच्या त्या नक्षीवर एक पांढरी चीर उमटली. दुसऱ्यांदा ओढली तेव्हा नळीच्या आतून, माझ्या करवतीच्या अगदी खाली, कोणीतरी नखानं खरवडलं. करवत थांबवली. तेही थांबलं. मी पुन्हा ओढली नाही.

"भावजी?"

वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. अकरा वर्षांत त्या या खोलीत आल्या नव्हत्या.

६

"करवतीचा आवाज आला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, या घरात करवत?" मग त्यांची नजर त्या अर्ध्या स्क्रूवर गेली आणि तिथंच राहिली. "ही तीच ना?"

"तीच."

त्या पुढं आल्या. पदराला हात पुसला आणि दस्त्याला एक बोट लावलं, तवा तापलाय का बघतात तसं. मी बोलायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं की फार वेळ लागेल. नाही लागला. साडेपंचवीस, बसलेली कळ, न उघडलेली बंदूक, चिठ्ठी, खिसा, पाचाचा आठ. पाच मिनिटांत सगळं संपलं. अकरा वर्षं छातीवर ठेवलेली गोष्ट एवढीशी होती. नळीत काय आहे, तेही सांगितलं. रोज अडीच इंच वर येतंय म्हणून सांगितलं.

वहिनी स्टुलावर बसल्या. मी वाट बघत होतो, की त्या काहीतरी फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तुम्ही असं करू नका," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी खरं सांगतोय."

"मी त्यांना रोज बोल लावते ते तुम्ही खालून ऐकता ना? ते तुम्हाला सहन होत नाही. म्हणून त्यांची चूक स्वतःच्या अंगावर घेताय. चार दिवस झाले, जेवत नाही, झोपत नाही. भावाला वाचवताय तुम्ही, अकरा वर्षांनी."

"रजिस्टर दाखवू? खाडाखोड दाखवू?"

"तुमच्या रजिस्टरात पानापानाला खाडाखोड असते. त्यांनाच त्याचा वैताग होता." त्या उठल्या. "दाखवायचंच असेल तर ते दाखवा. आत काय आहे ते."

मी शिकंजा सोडला. बंदूक उघडून दाखवली. दोन गोल, दोन्हींत खिडकी. बंद केली. पुन्हा आवळायला गेलो तर त्या म्हणाल्या, "द्या इकडे." त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, उभी धरली आणि दस्ता आपल्या चपलेवर टेकवला. दोन्ही हात नळीभोवती, मान जरा बाजूला. दादा अगदी असाच उभा राहायचा. कित्येक दुपारी त्या जिन्यात बसून आमचं काम बघत असत, हे मी विसरलो होतो.

"सोडा," त्या म्हणाल्या.

दांडी माझ्या हातात होती. बंदूक समोर होती. दोन नळ्यांची तोंडं माझ्या डोळ्यांच्या खाली, एकमेकींना चिकटून. मी दांडी सोडली.

टण्.

"पोचली," वहिनी म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. मी खाली पाहिलं. दांडी डाव्या नळीत उभी होती.

शपथेवर सांगतो, मी ठरवून केलं नाही. आणि शपथेवर हेही सांगतो, की हाताला ठाऊक होतं. एवढंच म्हणायचं होतं, वहिनी, थांबा, दुसरी बघू. चार शब्द. मी तोंड उघडलं.

"बघा, आहे का काही?" वहिनींनी बंदूक अलगद टेबलावर ठेवली. आता त्यांचे डोळे भरले होते. "तुम्हाला सांगू का, भावजी, क्षणभर मी खरं मानलं होतं. आणि मला वाटलं, मग माझी अकरा वर्षं मी कुठं ठेवू? त्यांना रोज बोलले ती? तुमच्या हातचं पाणी प्यायले ती? एकाच घरात, एकाच पंगतीला जेवले ती?" त्यांनी डोळे पुसले. "खरं असतं तर मी आजच्या आज मेले असते. पुन्हा हे बोलायचं नाही. माझ्यासाठी."

मी तोंड मिटलं.

७

चारच्या आधीच शिक्केसाहेब आला. वहिनी वर गेल्या नाहीत. एवढ्या वर्षांनी त्या दुकानात होत्या, फळीवरची धूळ झटकत होत्या, आणि मधूनच एखादी वस्तू उचलून म्हणत होत्या, "हे त्यांचं ना?" त्यांना मी इतकं हलकं झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

मी सातवा फॉर्म भरला. लांबी अठ्ठावीस. 'रिकामी व सुरक्षित'च्या खाली सही केली. सही चांगली आली.

"ही चीर कसली?" कारकुनानं नळीवर बोट फिरवलं. "मिस्त्री, हे काय? मोल उतरलं ना हिचं."

"जुनीच असेल."

"असो. घेणाऱ्याला चालेल. एक निवृत्त मास्तर आहेत, लिलावाआधीच सांगून ठेवलंय त्यांनी. घरभर जुन्या वस्तू. रविवारी सगळी नातवंडं जमणार आहेत म्हणे, प्रत्येकाच्या हातात देऊन फोटो काढायचेत." तो हसला. "तुमची सही आहे म्हटल्यावर निर्धास्त झाले. म्हणाले, त्या माणसाची चिठ्ठी असेल तर मी उघडूनही बघणार नाही."

त्यानं सहा बंदुका गाडीत ठेवल्या. सातवी मी त्याच्या हातात दिली. बंद होती. ती त्यानं मागच्या सीटवर आडवी ठेवली, तोंड उघड्या दाराकडे, आमच्याकडे. मी फुटपाथवर उभा होतो, तीन हातांवर. वहिनी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. उन्हं तिरपी होऊन थेट गाडीत शिरली होती.

डावी नळी काळी होती, असते तशी, खोल. उजवीत खोली नव्हती. रोजच्या अडीच इंचांचा हिशेब मोडून ती काठोकाठ भरलेली होती. तोंडाशी, अगदी कडेच्या पातळीत, काहीतरी फिकट गोल होतं, आणि त्यावर बारीक वळणावळणाच्या रेषा, तेल मुरून काळ्या झालेल्या. आयुष्यभर बंदुका हाताळणाऱ्याच्या अंगठ्यावर असतात तशा. मी बघत असताना तो पुढच्या कडेवर किंचित दाबला गेला. बाहेर यायला जागा किती आहे ते चाचपत असल्यासारखा.

थांबवायला एक शब्द पुरला असता. तो उच्चारला की शिक्केसाहेबानं विचारलं असतं, का? आणि शेजारी वहिनी उभ्या होत्या, कित्येक वर्षांत पहिल्यांदा रस्त्यावरच्या उन्हात, मोकळ्या चेहऱ्यानं. रविवारी त्या मास्तरांच्या घरी किती नातवंडं असतील, ते मला माहीत नव्हतं.

"काय झालं, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि कारकुनाला हातानंच खूण केली, की निघा.